रचलेली गिऱ्हाइकं

ताईची नोकरी एका यंत्राने खाल्ली. टॅक्सी कंपनीत फोन घ्यायचं काम होतं तिचं. "नमस्कार, कुठून कुठे जायचंय?" एवढं विचारण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, केस पिकले, आणि मग एक दिवस कंपनीने यंत्र आणलं. ते तेच वाक्य तिच्यापेक्षा गोड आवाजात विचारायला लागलं, तेही चहा न पिता. ताई घरी बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली, खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, कधी फोन वाजतो आणि कधी उचलते अशी. धाकटीला ते बघवेना. धाकटी म्हणजे तिची बहीण, चाळिशीला टेकलेली. पण घरात दोघीच बहिणी असल्या की धाकटी ती धाकटीच राहते, केस पांढरे झाले तरी.

मग ताईने पत्त्यांचा क्लास लावला. रमी-बिमीचे पत्ते नव्हेत, भविष्य सांगायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई शिकवायच्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. पहिल्या दिवशी ताई पत्त्यांची नवी कोरी गड्डी घेऊन आली आणि टेबलावर अशी ठेवली की जसं काही दुकानच टाकलं. धाकटीच्या मनात आलं, बुडत्याला काडीचा आधार. तोंडाने ती म्हणाली, "छान आहे की!"

मॅडमची शिकवायची रीत मात्र वेगळी होती. जिवंत माणसाला हात लावायच्या आधी रचलेल्या माणसांवर हात बसवायचा. घरातल्या कुणीतरी रोज एक माणूस रचायचा आणि त्याच्या वतीने खुर्चीत बसायचं. त्याला नाव द्यायचं नाही, फक्त धंदा सांगायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. पत्ते लावणारीने दोन पथ्यं पाळायची. गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही, आणि आजारपणाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. सांगाड्याचं पान निघालं तरी "बदल येतोय" म्हणायचं. मनोरा कोसळताना दिसला तरी "जुनं जातंय" म्हणायचं. थोडक्यात काय, घराला आग लागली तरी "ऊब छान आहे" म्हणायचं!

आणि माणसं रचण्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती लाँड्रीत काउंटरवर बसायची. आलेले कपडे घ्यायचे, खिसे उलटे करायचे, डाग कशाचा ते बघायचं, नंबराची चिठ्ठी टाचायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाचं तोंड बघायची गरजच उरत नाही. कोटाचं एकच कोपर झिजलेलं असेल तर माणूस दिवसभर खिडकीत टेकून उभा असतो. पँटच्या खिशात नेहमी एकच हातमोजा सापडत असेल तर दुसरा हात कुणाच्या तरी हातात असतो. संध्याकाळी कामावरून आली की धाकटी पायातले बूट काढायची, चहाचा कप घ्यायची आणि ताईसमोर बसायची.

"मी न्यायाधीश," एकदा ती घसा खाकरून म्हणाली. "माझ्या काळ्या झग्याच्या खिशात कायम कुत्र्याची बिस्किटं असतात. प्रश्न एकच. कुत्रं माझ्यावर प्रेम करतं की बिस्किटांवर?"

ताईने पत्ते पिसले, तीन पानं मांडली, आणि टॅक्सी कंपनीतल्या त्या शांत आवाजात म्हणाली, "साहेब, लाइनवर राहा. कुत्र्याचं प्रेम पक्कं आहे. पण तुमचं बायकोवरचं प्रेम कुत्र्यावर चाललंय, तेवढं बघा." दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. पाण्याला घाबरणारा पोहण्याचा मास्तर आला, बँडमधला बहिरा ट्रम्पेटवाला आला, स्वतःच्याच घरी कधीही न जेवणारा आचारी आला. ताई खिडकीजवळची खुर्ची सोडून टेबलाशी बसायला लागली. सकाळी केस नीट विंचरायला लागली. गल्लीतल्या ब्यूटी पार्लरवालीने तिला सांगितलं होतं की एक दिवस येऊन बस, माझ्या बायकांना पत्ते लावून दाखव, त्यांना आवडलं तर कोपऱ्यातलं टेबल तुझं. ताईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

आणि नेमकं याच सुमाराला धाकटीला गाठ लागली.

ओल्या पडद्यांचं बोचकं उचलताना काखेत काहीतरी टोचलं. संध्याकाळी आंघोळ करताना तिने हात लावून पाहिलं. छातीच्या कडेला, वाटाण्याएवढी, दाबली तरी न हलणारी. असला वाटाणा या घराने आधी एकदा पाहिला होता. आईला तिथेच झाली होती. धाकटी तेव्हा शाळेत होती, तिला मावशीकडे धाडून दिलं आणि सगळं उरकल्यावर परत आणलं. सगळं केलं ते ताईने एकटीने, याच खोल्यांत. तिने काय काय केलं ते कधी सांगितलं नाही, धाकटीनेही कधी विचारलं नाही. फक्त त्या दिवसांपासून घरात "गाठ" हा शब्द बंद झाला. बुटाच्या नाडीला गाठ बसली तरी ताई "अडकलंय" म्हणायची.

धाकटी गुपचूप दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चेहऱ्यावर काही दिसू न देता हात धुतले आणि म्हणाल्या, "सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल. पुढच्या गुरुवारी या. आणि घरचं कुणीतरी बरोबर आणा, एकट्या येऊ नका."

घरचं कुणीतरी म्हणजे कोण? ताई. दुसरं होतंच कोण! म्हणजे ताईला सांगायला हवं. एवढंच होतं बघा सगळं. ताईने "चल, मी येते" असे तीन शब्द म्हणायचे आणि धाकटीने तिच्या मागोमाग जायचं, लहानपणी रस्ता ओलांडताना जायची तसं. तिला दुसरं काही नको होतं. एकटीने त्या सुईसमोर बसायची तिची छातीच होत नव्हती, आणि ताई नाही आली तर आपण जाणारच नाही, हे ती स्वतःला पुरतं ओळखून होती.

पण सांगायचं कसं? स्वयंपाकघरात दोनदा तोंड उघडलं. एकदा ताई म्हणाली, "मीठ दे," आणि एकदा म्हणाली, "काय गं, घसा बसलाय का?" झालं! शब्द जिथल्या तिथे राहिला. तेव्हा मग धाकटीने ठरवलं, लेकी बोले सुने लागे.

त्या संध्याकाळी ती समोर बसली आणि म्हणाली, "मी पोस्टातली. पत्रांवर शिक्के मारते."

"नमस्कार. बोला," ताई म्हणाली.

"उजव्या हाताने शिक्का मारवत नाही हल्ली, म्हणून डाव्याने मारते. सगळे शिक्के तिरके पडतात, साहेब ओरडतो." ताई हसली. धाकटीलाही हसू आलं, आणि ते येताच तिला स्वतःचा राग आला. "मला छातीत एक गाठ झालीय. डॉक्टरने तपासायला बोलावलंय. घरी मोठी बहीण आहे. प्रश्न असा, की बहिणीला सांगू का?"

ताईचे हात पत्ते पिसत होते. ते थांबले नाहीत. तिने तीन पानं मांडली. चंद्र, तलवारींची राणी, आणि तो कंदील घेतलेला संन्यासी. ती बराच वेळ पानांकडे बघत राहिली. मग तो आवाज आला, शांत, गोड, सरावलेला.

"बाई, लाइनवर राहा. चंद्र म्हणजे मनाचे खेळ. तुमच्या मनात जुनं दुःख साठलंय, तेच तुम्हाला हाताला लागतंय. ऋतू बदलू द्या, आपोआप विरघळेल. घाई करू नका."

"पण डॉक्टरने बोलावलंय तिला."

"डॉक्टर बोलावतच असतात. तेच काम आहे त्यांचं."

"आणि बहीण?"

ताईने संन्याशाच्या पानावर बोट ठेवलं. "बहिणीला आत्ता नको. तिचे स्वतःचे दिवस जरा कुठे बरे चाललेत." मग तिने पानं गोळा केली आणि म्हणाली, "जमलं ना गं? आजाराचा शब्दसुद्धा काढला नाही मी!"

"जमलं," धाकटी म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलीसवरलेली बाई, पत्त्यांवर विश्वास ठेवून बसली? अहो, पत्त्यांवर तिचा कवडीचा विश्वास नव्हता. पण ताईच्या आवाजावर होता. लहानपणी ताप आला की हाच आवाज "काही नाही होत" म्हणायचा आणि सकाळी खरंच ताप उतरलेला असायचा. धाकटी गुरुवारी दवाखान्यात गेली नाही. लाँड्रीत गेली, कोट मोजले, आणि दिवसभर तिला चक्क हलकं वाटलं. याला काय म्हणावं? दुधाची तहान ताकावर भागवली, दुसरं काय.

हलकं वाटणं चार दिवस टिकलं. मग ती पुन्हा खुर्चीत बसली. या वेळी भट्टीवर पाव भाजणारी झाली. पाव फुगतात तसं आपल्या छातीत काही फुगतंय, असं म्हणाली. ताईने पाच पानं लावून तिला भरभराट सांगितली. मग ती शिडी लावून रस्त्यावरचे दिवे पुसणारी झाली. मग दुकानातल्या पुतळ्यांना कपडे घालणारी झाली, पुतळ्यांच्या छातीवरून हात फिरवताना जिला स्वतःची आठवण होते. धाकटीचं दुर्दैव असं की तिला माणूस वाईट रचताच येत नव्हता. प्रत्येकीला चालायची ढब असायची, बोलायची लकब असायची, एखादा विनोद असायचा. सगळ्या इतक्या खऱ्या वाटायच्या की त्यांच्या आड बसलेली खरी बाई दिसायचीच नाही. निदान धाकटीला तसं वाटत होतं. आपणच ताकाला जाऊन भांडं लपवतोय, मग ताईला दोष का द्यायचा, असं ती स्वतःला सांगायची. आणि प्रत्येक वेळी तो आवाज यायचा. थांबा. विरघळेल. चांगले दिवस येताहेत.

असे दोन-तीन महिने गेले, आणि दवाखान्यातून लाँड्रीत फोन आला. तो इस्त्रीवाल्या काकांनी घेतला. हे काका म्हणजे तोंडाने फाटके, पण आतून मऊ. त्यांनी निरोप सांगितला नाही, आधी इस्त्री उभी केली, वाफ बंद केली, आणि म्हणाले, "किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"घरी सांगितलंस?"

"सांगते आहे."

"सांगते आहे म्हणजे काय? सांगतात किंवा सांगत नाहीत. हप्त्याहप्त्याने सांगायला तो काय उधारीवर आणलेला टीव्ही आहे?" काका चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आज सांग. या गुरुवारची वेळ घेतलीय मी तुझ्यासाठी. नाही म्हणालीस तर तुझ्या बहिणीला मीच फोन करीन."

"नको, मीच सांगते," धाकटी म्हणाली. आणि खरंच ठरवून घरी गेली.

घरी ताई दारातच उभी होती. पार्लरमधला दिवस झाला होता, आणि काय झाला होता म्हणून सांगू! एक बाई पत्ते ऐकता ऐकता रडली म्हणे, ताईचा हात धरून. दुसरीने आपल्या जावेला फोन करून बोलावून घेतलं. पार्लरवालीने कोपऱ्यातलं टेबल दिलं, वर दिवाही लावून देते म्हणाली. ताईने नवा टेबलक्लॉथ आणला होता, निळा. तो ती अंगावर धरून धाकटीला दाखवत होती, लहान मुलीने फ्रॉक दाखवावा तसा. एवढी खूश ताई धाकटीने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. तिला वाटलं, आज नको. आणि लगेच वाटलं, आज नाही तर कधीच नाही.

"ताई, बस. एक गिऱ्हाईक आहे."

"आज कशाला गं? आज सुट्टी."

"एकच."

ताई बसली. धाकटी समोर बसली. आज तिने घसा खाकरला नाही, आवाज बदलला नाही, पाय वेगळे टाकले नाहीत.

"मी लाँड्रीवाली. मला गाठ आहे. आईला होती तिथेच. वाढतेय ती. गुरुवारी तपासणी आहे, आणि घरचं कुणीतरी आणा म्हणून सांगितलंय. प्रश्न एकच. तू येशील का माझ्याबरोबर?"

ताईच्या हातातल्या पत्त्यांचा आवाज बंद झाला. ती धाकटीकडे बघेना. ती टेबलक्लॉथची घडी बघत राहिली. "लाँड्रीवाली कशाला," ती म्हणाली, "आपल्यातलं घ्यायचं नसतं. मॅडम म्हणतात, लांबचं माणूस रचावं."

"ताई, ही रचलेली नाही."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी सायकल उतरवत होतं, तिची चाकं पायऱ्यांवर आपटत होती. तो आवाज खाली जाऊन थांबला.

"मला माहीत आहे," मग ताई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पोस्टातली बाई आली त्याच दिवशी कळलं मला. तू चहाचा कप डाव्या हाताने धरला होतास."

धाकटीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आणि तू मला विरघळेल म्हणालीस?"

"मग काय म्हणू?" ताई एकदम ओरडली. ताई, जिने टॅक्सीच्या शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकावरही कधी आवाज चढवला नव्हता! "काय म्हणू सांग ना! तू मावशीकडे होतीस. तुला माहीत आहे का, आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती? मला नर्स समजून शिव्या द्यायची. मी तिचं अंग पुसायची तेव्हा किंचाळायची. खालचे लोक दार वाजवायचे. मी अवघी विशीची होते गं. सगळं झालं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, आता हे पुन्हा नाही. कुणासाठीही नाही. मी नाही येऊ शकत. मला त्या दवाखान्याच्या दारातूनसुद्धा आत जाता येणार नाही. मला पुन्हा नाही जमणार."

धाकटीला खूप बोलायचं होतं. मी आई नाही, म्हणायचं होतं. मी तुला ओळखेन, शेवटपर्यंत ओळखेन, म्हणायचं होतं. कदाचित काही नसेलही, म्हणायचं होतं, पण त्यावर तिचाच विश्वास नव्हता. तिला राग आला, भयंकर राग. आणि त्या रागाच्या मधोमध तिला ताईचे हात दिसले. पत्ते नीट जुळवायचा प्रयत्न करत होते, आणि पत्ते जुळत नव्हते.

"म्हण ना," ताई हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"ही रचलेली आहे म्हण. एकदा म्हण. इतक्या रचल्यास, ही पण रचलीस म्हण. मला उद्या पार्लरमध्ये बसायचंय. पुन्हा त्या खिडकीत बसले तर मी मरेन गं."

धाकटी बघत राहिली. जिच्या मागोमाग जायचं ती मागोमाग जाण्यासारखी उरलीच नव्हती. समोर एक म्हातारी होत चाललेली, घाबरलेली बाई होती, आणि ती भीक मागत होती. भीक मागणाऱ्याला काय देतात? असेल ते देतात.

"रचलेली आहे," धाकटी म्हणाली.

ताईने डोळे पुसले. पत्ते पिसले. तीन पानं मांडली आणि आवाज लावला. "बाई, लाइनवर राहा. पानं फार सुंदर आलीत तुमची." धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा मानही डोलावली.

गुरुवारी ती गेली. काका सोडायला येतो म्हणाले, पण कपड्यांचा ढीग पडला होता आणि मालक डोळे वटारून उभा होता, तेव्हा तिनेच त्यांना थांबवलं. डॉक्टरीणबाईंनी गाठ बघितली, काख बघितली, मग मानेपाशी बोटं फिरवली आणि तिथेच थांबल्या. या वेळी त्यांना चेहरा लपवायला जमलं नाही. "एवढा उशीर का केलात?" त्या म्हणाल्या. "तेव्हाच यायला हवं होतं. आता इथेही पसरलेलं लागतंय मला." धाकटीकडे उत्तर होतं, पण ते दवाखान्यात सांगण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या खोलीत नर्सने तिला टेबलावर झोपायला सांगितलं, चादर ओढली आणि विचारलं, "बरोबर कोण आहे तुमच्या?"

"बहीण आहे," धाकटी म्हणाली. "मोठी."

"बाहेर बसल्यात?"

"हो. निळा कोट घातलाय तिने. डावा खिसा जरा लोंबतोय, त्यात ती नेहमी दोन रुमाल ठेवते, एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी." छताकडे बघत ती बोलत होती, एकही शब्द न अडखळता. "मला म्हणाली, चल, मी येते. सकाळी माझ्या बुटांच्या नाड्यासुद्धा तिनेच बांधल्या. मी म्हटलं, अगं, मी काय लहान आहे? तर म्हणाली, गप्प बस. रस्ताभर माझा हात सोडला नाही तिने."

"नशीबवान आहात," नर्स म्हणाली. "हल्ली कोण येतं कुणाबरोबर! थांबा, त्यांना आत बोलावते, धरतील तुमचा हात."

"नको," धाकटी म्हणाली. "तिला हे बघवणार नाही. तुम्ही सुई घाला."

नर्सने मान हलवली आणि ट्रे जवळ ओढला. दाराबाहेरच्या बाकावर कुणीही नव्हतं.